साडूंचं मचाण

आमच्या साडूंइतका वेळ टीव्हीपुढे बसलेला आणि त्यांच्याइतका कमी टीव्ही पाहिलेला माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी सापडणार नाही. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर जंगल खात्यात वनरक्षक म्हणून हिंडले आणि निवृत्त झाल्यावर चामोर्शीला तीन खोल्यांचं घर बांधून राहिले. मी भद्रावतीचा, फॅक्टरीच्या कॉलनीत जन्म गेलेला. भोंगा वाजला की उठायचं आणि भोंगा वाजला की घरी यायचं, एवढंच मला ठाऊक. साडूंना भोंगा काय, साधी शिट्टीही खपत नसे. पण मेव्हणी गेल्यावर त्यांच्याकडे जाणं-येणं वाढलं, आणि या माणसाची एकेक तऱ्हा बघून मी आधी हसलो, मग वैतागलो, आणि शेवटी मला त्यांची काळजी वाटायला लागली. काळजी वाटायला लागली तरी हसू काही थांबलं नाही, हे मात्र कबूल करतो.

त्यांचा एकुलता एक मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. आई गेली, बाप एकटा पडला, म्हणून त्याने टीव्हीला जोडायचा एक अँड्रॉइड बॉक्स आणून दिला. साबणाच्या वडीएवढा काळा डबा. त्यात सिनेमे, मालिका, कीर्तनं, भजनं, क्रिकेट, म्हणाल ते. शिवाय रिमोटला एक माइक, बटन दाबून तोंडाने सांगितलं की डबा शोधून दाखवणार. मुलाने सगळं समजावून सांगितलं, वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, आणि तो गाडीत बसल्यावर यांनी रिमोट पिशवीत गुंडाळून तांदळाच्या कोठीवर ठेवून दिला. सकाळी एकदा काढायचा, टीव्ही लावायचा, परत गुंडाळायचा. डब्याला काही कामच सांगितलं नाही, की तो थोड्या वेळाने आपणहून फोटो दाखवायला लागतो. मुलाने जाता जाता आपल्या मोबाइलमधले सगळे फोटो त्याला जोडून दिले होते, ते एकामागून एक पडद्यावर यायचे. साडू ते बघत बसायचे. रिमोटचं कुठलंही बटन दाबलं की फोटो पळून जातात, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि त्यावरून त्यांनी जे शास्त्र उभं केलं त्याला तोड नाही.

उन्हाळ्यात पाणवठ्याशी मचाण बांधतात आणि त्यावर गुपचूप बसून पाण्यावर येणारी जनावरं मोजतात. साडूंची हयात असल्या मचाणांवर गेली. तिथले सगळे नियम त्यांनी चामोर्शीच्या बैठकीच्या खोलीला लावून टाकले. खिडक्या बंद. दाराला गोणपाट. बोलायचं नाही, खोकायचं नाही, पंखा लावायचा तर एकवर. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दारात चपला काढतोय तोच आतून कुजबूज आली, “साडूभाऊ, शर्ट पांढरा हाय तुमचा.”

“मग?”

“लांबून दिसते. हे घ्या, पांघरा.” आणि त्यांनी माझ्या अंगावर हिरवी चादर टाकली. भर एप्रिलात, चामोर्शीच्या उन्हात, मी त्या चादरीत घामाघूम होऊन तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा बसलो. माझ्या बायकोला तर त्यांनी दारातच थांबवलं. “बाई, पावडर लावून आली का?”

“टीव्हीले वास येते का जी, भाऊजी?” ती म्हणाली.

यावर त्यांनी जरासा विचार केला. “नसन येत,” ते म्हणाले, “पण आपली सवय खराब होते.” बायको निमूट मोरीवर जाऊन तोंड धुऊन आली. शेजारच्या काकू वांग्याची भाजी घेऊन आल्या, तर त्यांना एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या धरून चालायला लावलं. भाजीची वाटी मग मला उचलावी लागली. गावात लोक हसत होते. म्हातारा चळला असं म्हणत होते. मीही घरी येऊन तेच म्हणालो, पण बायकोने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा म्हणालो नाही.

फोटोंचेही त्यांनी प्रकार पाडले होते. नातू म्हणजे चितळ. दिसला की बरं वाटतं, पण दर वळणावर दिसतो, त्याच्यासाठी कोणी गाडी थांबवत नाही. सुनेच्या मैत्रिणी, ऑफिसातल्या पार्ट्या, हॉटेलातली ताटं, ही सगळी माकडं. मुलाला हल्लीच्या पोरांसारखी दिसेल त्याचा फोटो काढायची खोड. पार्किंगचा खांब, गाडीचं टायर, औषधाची चिठ्ठी, गॅसच्या टाकीवरचा आकडा. असलं काही आलं की साडू पुढे वाकून हलकेच सांगायचे, “ठसे होत. पोरगा इथून गेला.” मुलाचे सासरे मात्र फारच फोटोंत होते. गोरेपान, जाडजूड, प्रत्येक ठिकाणी मध्यभागी. ते पडद्यावर आले की साडू मान फिरवायचे. “रानडुक्कर,” म्हणायचे, “पुरं पाणी गढूळ करून जाते.” मी चादरीत तोंड खुपसून हसायचो, कारण हसायलाही बंदी होती.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं होतं ते क्वचित यायचं. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचा एक फोटो होता. मध्ये केक, केकमागे नातू, भोवती माणसं, अर्थात व्याहीही. पण त्या डब्याची एक गंमत होती, तो फोटो नुसता दाखवत नसे, डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवत असे. आधी भिंत दिसायची, मग दार, आणि मग त्या दारातून, हातात परात घेतलेली, पदर खोचलेली, तोंड अर्धवट उघडं, कोणाला तरी काही तरी सांगत निघालेली माझी मेव्हणी यायची. कोणी तिचा फोटो काढलेला नव्हता. फोटो केकचा होता, ती मागून चालली होती म्हणून त्यात सापडली. डब्याच्या सरकण्यामुळे ती खरंच चालते आहे असं वाटायचं. कडेने यायची, पडदा ओलांडायची आणि मागून व्याह्यांचं पोट आलं की नाहीशी व्हायची. तेवढा वेळ साडू श्वास घेत नसत. ती गेली की मांडीवर हात ठेवून मला विचारायचे, “काय म्हणून राह्यली असन जी ती?”

“काय माहीत, भाऊ.”

“बाजूले व्हा म्हणत असन,” ते म्हणायचे. दुसऱ्या वेळी म्हणायचे, “मीठ कमी झालं म्हणत असन.” एकदा म्हणाले, “मलेच काही म्हणत असन. मी तिकडच उभा होतो ना, फोटोच्या बाहेर.” हे त्यांनी सहज म्हटलं.

मी व्यवहारी माणूस. मी म्हणालो, भाऊ, चंद्रपुरात स्टुडिओ आहेत, हा फोटो मोठा करून भिंतीला लावून देतो, कशाला हा उपद्व्याप? त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे हार घातलेला एक फोटो आधीच होता. मेव्हणीला फोटोचं वावडं, त्यामुळे तिच्या आधार कार्डावरचा चेहरा काढून स्टुडिओवाल्याने तो कुठल्या तरी हिरव्या शालूतल्या, गळाभर दागिने घातलेल्या बाईच्या धडावर बसवला होता, मागे निळं आभाळ. “हे कोण बाई हाय, मले माहीत नाई,” साडू म्हणाले. “कोणाच्या घरची हाय, बिचारी.” मुलाने तोच वाढदिवसाचा फोटो मोबाइलवर पाठवला होता, तोही त्यांनी एकदा बघून बंद केला. “ह्याच्यात ती थांबून राह्यते. माह्या घरी ती कधी थांबली नाई. आली, गेली. आली, गेली.” आणि मग जंगलातलं त्यांचं ते ठरलेलं वाक्य, “आपण नाई पाहात साडूभाऊ. ते दिसते. आपण नुसतं बसाचं.”

आता मेव्हणीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे बायकोच्या मोठ्या बहिणीला आकडसासू म्हणतात, आणि त्या शब्दातला ताठा तिच्यात पुरेपूर होता. नाकावर माशी बसू द्यायची नाही. नवरा जंगलात, ही जंगलातल्या क्वार्टरमध्ये. मोहफुलं वेचावीत, मूल वाढवावं, आणि नवरा आठ-आठ दिवस आला नाही तरी ब्र काढू नये. असा जन्म गेला. आणि त्या जन्मात साडूंनी एकदाही तिचं नाव घेतलं नाही. बाईने नवऱ्याचं नाव घेऊ नये हे आपण ऐकलंय, पण यांचं उलटंही तितकंच कडक. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा हे मांडवातून उठून पाणी प्यायला गेले ते गेलेच. घरात “अवो” म्हणायचे. ती मोहाच्या झाडाखाली लांब असली तर टाळी वाजवायचे. जंगलात वाघाला वाघ म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, कारण नाव घेतलं की तो येतो अशी समजूत. पण घरातल्या माणसाचं नाव न घेण्याचं कारण काय, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “नाव कशाले घ्या लागते? ती होतीच ना घरी.” शेवटी तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा नर्सने पेशंटचं नाव विचारलं. साडू म्हणाले, “माह्या घरची.” तिने पुन्हा विचारलं, यांनी पुन्हा तेच सांगितलं. नाव माझ्या बायकोने सांगितलं. मेव्हणी तेव्हा शुद्धीवर होती, स्ट्रेचरवर पडून हे सगळं ऐकत होती. ती हसली, असं माझी बायको सांगते. मला ते हसणं वाटलं नव्हतं.

पोळा झाला त्या सुमाराला डबा बिघडला. बिघडला म्हणजे आपल्या मनाने नवा झाला. कसलंसं अपडेट आलं, डब्याने रातोरात कात टाकली आणि मुलाचे फोटो जाऊन त्या जागी स्वतःचे दाखवायला लागला. बर्फाचे डोंगर, निळे समुद्र, परदेशातले धबधबे. एक चितळ नाही, एक ठसा नाही. साडूंनी वाट पाहिली. पाणवठा कधी कधी पडतो ओस, असं ते म्हणाले. आम्ही गेलो तर त्याच अंधारात, तसेच मांडी घालून, त्या बर्फाच्या डोंगरांपुढे बसलेले. व्याही दिसत नाहीत याचंही त्यांना वाईट वाटत होतं, यावरून काय ते समजा. जेवण सुटत चाललं होतं. शेजारच्या काकूंच्या वाट्या न उघडता तशाच ओट्यावर पडलेल्या. बाहेर धानाला लोंब्या यायला लागल्या होत्या, लोकांची धावपळ चालली होती, आणि हा माणूस गोणपाटामागे दिवसेंदिवस बारीक होत होता. मी टीव्हीच्या त्या सेटिंगमध्ये शिरून बघितलं. त्याने मला इंग्रजीतून इतके प्रश्न विचारले की मी फॅक्टरीतला माणूस असूनही बाहेर पळालो. घाबरलो होतो, खरं सांगायचं तर. बायको मोरीपाशी मला हळूच म्हणाली, “आता हे बी चालले वो.”

मुलाला फोन लावला. त्याला रजा नव्हती, दिवाळीला येऊन मी सगळं पहिल्यासारखं करून देतो म्हणाला. पण तोपर्यंत एक सोपी युक्ती आहे. फोन स्पीकरवर होता, साडू ऐकत होते. “बाबा, फोटो कुठी गेले नाई. आईच्या चेहऱ्याले मी तिचं नाव देऊन ठेवलं हाय. तुमी फक्त रिमोटवरचं माइकचं बटन दाबा अन् आईले नावानं हाक मारा. तिचे सगळेच्या सगळे फोटो समोर येतीन.”

मला वाटलं, सुटलो. पण साडूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. “हाका?” ते म्हणाले.

आता आमच्या जंगलात हाका म्हणजे काय, ते सांगतो. पूर्वी शिकारीचे साहेब यायचे, तेव्हा गावचे पन्नासेक लोक ढोल, डबे वाजवत जंगलात एका बाजूने शिरायचे आणि जनावराला हुसकत हुसकत साहेबाच्या बंदुकीपुढे आणायचे. त्याला हाका म्हणतात. साडूंच्या आज्याने हाके केलेले होते, आणि घरात ते लाजेने सांगितलं जायचं. “मले हाका नाई करायचा,” ते म्हणाले. “तिच्या मनानं आली तं आली. ढोल पिटून नाई आणाचं तिले.”

“अहो बाबा, हाका नाई, हाक!” मुलगा हैदराबादहून ओरडत होता. साडूंनी फोन उचलून उशीखाली ठेवला.

नंतरचे काही दिवस आम्ही चामोर्शीलाच राहिलो, कारण त्यांना एकटं टाकून येण्याची माझी हिंमत होईना. मी रोज समजूत घालायचो आणि ते रोज पालथ्या घड्यावर पाणी व्हायचं. एका दुपारी मात्र बायको तांदूळ निवडता निवडता थांबली. “भाऊजी, खरं सांगा,” ती म्हणाली, “कशाले भेता?”

एरवी कुजबुजणारे साडू पडद्यावरच्या डोंगरांकडे बघत साध्या आवाजात बोलले. “इतके दिस नाई आली तं म्हटलं, तिची मर्जी. कधी तरी येईन. अन् मी नावानं बोलावलं बाई, अन् तरी बी नाई आली, तं मंग?”

बायको तांदळाचं ताट तसंच टाकून उठली, कोठीवरची पिशवी सोडली आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. “माह्या बहिणीनं जलमभर वाट पाह्यली त्या नावाची,” ती म्हणाली. “तेव्हा नाई, तं आता तरी तिची मर्जी राखा. घ्या नाव.” आणि डोळ्याला पदर लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

साडूंनी रिमोट तोंडाशी धरला. बटनावर अंगठा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. घसा खाकरला. मी चादरही न पांघरता पांढऱ्या शर्टात त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि त्याचं त्यांना भान नव्हतं. मग ते म्हणाले, “येसोदा.”

डब्याने टुंग असा आवाज केला आणि पडद्यावर ठळक अक्षरांत लिहून दाखवलं, ‘ये सौदा’. खाली हिंदी सिनेमांची रांग उघडली. काळे चष्मे, पिस्तुलं, नोटांच्या सुटकेसी, एका जीपवर उभे असलेले चार गुंड. यशोदाबाईंचा पत्ता नव्हता. एरवी मी लोळून हसलो असतो. मी रिमोट त्यांच्या हातातून घ्यायला गेलो, म्हणालो, भाऊ, शुद्ध बोलावं लागतं त्याला, ‘यशोदा’ म्हणावं लागतं, द्या, मी म्हणतो. त्यांनी रिमोट दिला नाही. त्यांनी तो मांडीवर पालथा ठेवला आणि त्या गुंडांकडे नजर न टाकता, मान वर करून, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर मारावी तशी मोठ्याने हाक मारली.

“येसोदाऽऽ!”

त्या खोलीत इतका मोठा आवाज कित्येक महिन्यांत झाला नव्हता. शेजारच्या घरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. मी साडूंकडे बघू शकलो नाही. त्यांनी पुन्हा मारली, या वेळी आवाज फाटला. मग ते वाट बघायला लागले. टीव्हीकडे नव्हे, परसदाराकडे. आणि मीसुद्धा, देवाशपथ, परसदाराकडेच बघत होतो. कोणी येणार नाही हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तरीही हाक मारल्यावर माणूस थांबतोच.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “ओ.”

बहिणी-बहिणींचे आवाज सारखे असतात, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. तरी माझ्या अंगावर काटा आला. साडूंनी डोळे मिटून घेतले. गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग ते अगदी हळू बोलले.

“बाई, तू नोको ओ देऊ,” ते म्हणाले. आणि मग, “पण कोणं तरी दिली, बरं झालं.”

बायको चहाचे कप घेऊन बाहेर आली. दाराचं गोणपाट तिने बाजूला सारलं, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. दिवाळीला मुलगा आला, त्याने फोटो परत जोडून दिले, आता ती पूर्वीसारखीच येते, परात घेऊन, काही तरी सांगत. साडू बसतात अजून समोर. पण हल्ली ती आली की ते श्वास रोखून बसत नाहीत. व्याह्यांचं पोट येऊन ती नाहीशी होईपर्यंत ते तिला नावाने हाक मारत राहतात, आणि ती गेल्यावर जरा वेळ कान देऊन थांबतात.